शेवटच्या तासात गेम पलटी मारतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन मित्र मिळून एक छोटा गेम करताहेत. वरून दिसणारा, चोरपावलांनी खेळायचा. रात्रीचा वाडा, पहारेकरी, आणि दिवे विझवत अंधारातून पुढे सरकायचं. पाच लेव्हल तयार आहेत. सहाव्या आणि शेवटच्या लेव्हलमध्ये नायक होडीतून पळतो आणि पाठलाग करणाऱ्यांवर गोळ्या झाडतो, असं त्यांच्या डोक्यात आहे. एकाचं म्हणणं, शेवट दणक्यात हवा. दुसऱ्याचं म्हणणं, खेळणारे शिव्या घालतील. म्हणून त्यांनी विचारलंय: मोठमोठ्या गेममध्येही शेवटी खेळच बदलतो, तो मुद्दाम की वेळ संपला म्हणून? आणि आम्ही ते करावं का?

माझी बरीच वर्षं लेव्हल डिझाइनमध्ये गेली आहेत, त्यामुळे हा वाद मी अनेक टेबलांवर ऐकलाय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही कारणांनी होतं, आणि खेळताना बहुतेक वेळा ओळखूही येतं. दुसऱ्याचं उत्तर खेळणाऱ्याच्या बोटांवर अवलंबून आहे. बदल झाला म्हणून कुणी चिडत नाही. पाच-दहा तास घालून बोटांनी जे कमावलं ते ऐनवेळी निरुपयोगी ठरलं की माणूस चिडतो. (पुढे बऱ्याच गेमचे शेवट उघड होणार आहेत. ज्यांना खेळायचेत त्यांनी जपून वाचा.)

या विषयावर बोलताना 1998 चा 'हाफ-लाइफ' टाळता येत नाही. व्हॉल्व्ह या कंपनीचा पहिलाच गेम. जवळजवळ सगळा गेम एका भूमिगत प्रयोगशाळेत घडतो: अरुंद बोगदे, कोपऱ्याआड लपलेले सैनिक, छतातून लोंबणारे प्राणी. कुठून काय येईल याचा अंदाज घेत, आडोसा धरत पुढे जायची सवय लागते. मग एका दारातून तुम्ही 'झेन' नावाच्या परक्या जगात जाता. तिथे गुरुत्वाकर्षण कमी, हवेत तरंगणारे खडक, आणि या खडकावरून त्या खडकावर उड्या. झेन म्हटलं की आजही जुने खेळाडू कपाळाला हात लावतात.

तिथे नेमकं काय बिघडलं ते जवळून बघण्यासारखं आहे. प्रथमपुरुषी दृष्टिकोनातून, म्हणजे थेट नायकाच्या डोळ्यांनी बघत खेळताना स्वतःचे पाय दिसत नाहीत. प्रयोगशाळेत त्याने फारसं अडत नव्हतं, कारण उड्या कमी होत्या आणि चुकलं तर बहुधा थोडं लागायचं. झेनमध्ये खडकाची कड नेमकी कुठे संपते ते कळायला मान खाली घालावी लागते, आणि मान खाली घातली की पुढचा खडक नजरेआड जातो. गुरुत्वाकर्षण कमी म्हणून उडी लांबलचक, म्हणजे चुकलोय हे समजल्यावरही बराच वेळ हवेत लटकायचं आणि मग दरीत. शिवाय लांब उडीचं जे यंत्र लागतं ते हातात पडतं झेनमध्ये शिरण्याच्या जरासं आधी. प्रशिक्षणाच्या वेगळ्या लेव्हलमध्ये ती उडी शिकवलेली असते हे खरं, पण ती लेव्हल ऐच्छिक होती, आणि जे खेळले त्यांनी शेवटाला पोचेपर्यंत ती मधल्या काळात एकदाही वापरलेली नसते. शिकवलं आणि सराव करून घेतला यांत फरक आहे, आणि आमच्या धंद्यातले निम्मे वाद या फरकावरून होतात.

याच गेमची चाहत्यांनी केलेली नवी आवृत्ती, 'ब्लॅक मेसा', 2012 साली आली ती झेन वगळून. झेनसह पूर्ण गेम यायला 2020 उजाडलं. मूळ गेममधला सर्वांत नावडता तुकडा नव्याने घडवायलाच सगळ्यांत जास्त वेळ गेला, यात मला तरी काही नवल वाटत नाही. त्यांचं झेन देखणं आहे आणि उड्याही पुष्कळ सुसह्य आहेत. फक्त लांबलंय फार. चुकीचा तुकडा दुरुस्त करताना तो मोठा करायचा मोह होतोच.

आता त्याच व्हॉल्व्हचा 2004 चा 'हाफ-लाइफ 2'. इथेही शेवट बदलतो, आणि चांगलाच बदलतो. शत्रूच्या गगनचुंबी इमारतीत शिरताना एक यंत्रणा तुमची सगळी शस्त्रं काढून घेते आणि डोळ्यांदेखत नष्ट करते. इतका वेळ जपलेल्या बंदुका, मोजून वापरलेल्या गोळ्या, सगळं जातं. उरते ती एकच गोष्ट, वस्तू उचलून फेकायची ग्रॅव्हिटी गन. ती मात्र त्या यंत्रणेतून निळी होऊन बाहेर येते, आणि आतापर्यंत लाकडी खोकी, पिंपं, करवतीची पाती फेकणारी ही गन थेट सैनिकांना उचलून भिंतीवर आपटू लागते.

कागदावर बघितलं तर हा बदल झेनपेक्षा मोठा आहे: गोळीबाराचा खेळ संपला, गोळ्याच संपल्या. तरी कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. कारण ती गन गेमच्या साधारण मध्यावर हातात येते. आधी एका यांत्रिक कुत्र्याबरोबर चेंडू फेकाफेकी करत ती शिकवतात, जिथे मरायची भीती नाही. लगेच पुढच्या भागात भुताळी गावात सोडतात, जिथे गोळ्या अपुऱ्या आणि करवतीची पाती भरपूर. शेवटापर्यंत 'ओढ' आणि 'फेक' ही दोन बटणं बोटांत मुरलेली असतात. शेवटी बटणं तीच राहतात, ताकद तेवढी वाढते. खेळ बदलला, पण शिकलेलं काहीच वाया गेलं नाही.

प्लेटेस्टला, म्हणजे बाहेरच्या माणसांकडून गेम खेळवून बघायला, बसताना मी नव्या मुलांना एक गोष्ट सांगतो: खेळणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघू नका, नजरेकडे बघा. चेहरा फसवतो, लोक संकोचाने हसतात. पण शेवटच्या लेव्हलमध्ये शिरल्यावर नजर पडद्यावरून उतरून हातातल्या कंट्रोलरकडे गेली, माणूस बटण शोधायला लागला, की तुम्ही त्याला पुन्हा पहिलीत बसवलंय असं समजा. पहिल्या लेव्हलमध्ये तो खाली बघतोच, ते ठीक आहे. शेवटी बघत असेल तर वर्षभर गणित शिकवून वार्षिक परीक्षेत पोहायला लावल्यासारखं आहे.

याच कसोटीवर 2001 चा 'हेलो' लावून बघा. पायी लढायचा गेम, आणि शेवट मात्र गाडी हाकण्याचा: अंतराळजहाज फुटणार, पडद्यावर घड्याळ उलटं धावतंय, आणि तुम्ही वॉर्टहॉग जीप घेऊन त्याच्या पोटातल्या बोगद्यांतून सुसाट. आजही लोक तो शेवट प्रेमाने आठवतात. ती जीप दुसऱ्याच मोहिमेत भेटते, मोकळ्या माळावर, घड्याळाशिवाय. तिथे ती उलटते, पाण्यात जाते, कड्यावर अडकते, आणि आपण हसत हसत ती सरळ करतो. मागचा भाग कसा घसरतो ते तिथे कळतं. शेवटी फक्त रस्ता अरुंद केलाय आणि घाई लावलीय. सायबर कॅफेत तासाने पैसे मोजून 'नीड फॉर स्पीड: मोस्ट वॉन्टेड' खेळलेल्या पिढीलाही हे ठाऊक आहे. 2005 च्या त्या गेममध्ये काळ्या यादीतला पहिला, रेझर, हरल्यावर शर्यती संपतात आणि अख्खं पोलीस दल मागे लागतं. मग तुटलेल्या पुलावरून उडी मारून निसटायचं. शर्यतीच्या गेमचा शेवट शर्यतीने नाही, पण पोलिसांना गुंगारा द्यायचा सराव गेमभर झालेला असतो.

काढून घेण्याबद्दल थोडं. बऱ्याच डिझायनरना वाटतं की शेवटी खेळणाऱ्याला दुबळं केलं की नाट्य आपोआप येतं. तसं होत नाही. 2003 च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'मध्ये मात्र ते आलंय. त्या गेमचा प्राण म्हणजे काळ मागे नेणारा खंजीर. उडी चुकली, दरीत पडलात, बटण दाबा, काळ उलटा फिरतो, पुन्हा कड्यावर. तास न् तास हा आधार मिळाल्यावर शेवटाकडे तो खंजीर हातून जातो आणि समोर मनोरा उभा राहतो. चढायचं तसंच, भिंतीवर धावायचं तसंच, पण आता चूक मागे घेता येत नाही. तेच दांडे, त्याच कडा, पण पहिल्यांदाच प्रत्येक उडीआधी माणूस क्षणभर थांबतो. शिवाय डिझायनर शहाणे होते: त्याच सुमारास मिळणारी तलवार एका घावात राक्षस संपवते. लढाईचा भार उतरवला, म्हणून उडीचा भार जाणवला. एक हात धरला की दुसरा सोडता येतो. (याच गेमची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होती, 2020 च्या सप्टेंबरमध्ये तिची घोषणा झाली, आणि 2022 मध्ये ती माँट्रियलला गेली. पुण्यात या क्षेत्रात काम करणाऱ्या बऱ्याच जणांना त्या मनोऱ्याचं नवं रूप बघायचं होतं. असो.)

2004 च्या 'मेट्रॉइड: झीरो मिशन'मध्येही हेच. मूळ 1986 चा गेम जिथे संपत होता तिथे नव्या आवृत्तीत संपत नाही. नायिकेचं चिलखत जातं आणि साध्या पोशाखात, हातात शत्रूला जेमतेम सुन्न करणारं पिस्तूल घेऊन, लपत जायचं. हा भाग काहींना आवडतो, काहींना अजिबात नाही. मला तो थोडा लांबलेला वाटतो, पण त्याच्या शेवटी चिलखत परत मिळतं तेव्हाचा आनंद त्याशिवाय आला नसता.

आता "वेळ संपला म्हणून" या भागाकडे. गेमचे शेवट कच्चे राहतात याची कारणं अगदी रुक्ष आहेत. सुरुवातीच्या लेव्हल सगळ्यांनी शंभरदा खेळलेल्या असतात, कारण प्रकाशकाला दाखवायला त्याच, प्रदर्शनात ठेवायला त्याच, बटण चालतंय का बघायलाही त्याच. शेवट उशिरा बांधला जातो आणि तपासायला तिथवर पोचावं लागतं. खरेदी करणाऱ्यांपैकीही पुष्कळ जण शेवटापर्यंत जातच नाहीत, हे कुठल्याही गेमच्या अचिव्हमेंटच्या यादीत, म्हणजे कोणता टप्पा किती जणांनी गाठला त्या नोंदीत, दिसतं. मग पैसे आणि माणसं कुठे कापायची हे ठरवताना बोट आपोआप शेवटाकडे जातं.

1998 चा 'झेनोगियर्स' हे त्याचं टोक. दुसऱ्या डिस्कवर बराचसा खेळच गायब आहे. पात्रं खुर्चीत बसून पुढे काय झालं ते सांगतात, मधूनमधून एखादी लढाई. 2011 च्या 'डेयस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशन'मध्ये बॉसच्या, म्हणजे टप्प्याटप्प्यावर येणाऱ्या मोठ्या शत्रूंच्या, लढाया बाहेरच्या कंपनीकडून करून घेतल्या होत्या, आणि ते लपून राहिलं नाही. लपतछपत, कुणाला न मारता, दारं हॅक करत खेळणाऱ्याला एका खोलीत कोंडून समोर बंदूकधारी राक्षस उभा करायचा. ज्याने सगळे गुण लपण्यात घातले तो तिथे उघडाच पडायचा. 2013 च्या डायरेक्टर्स कट या सुधारित आवृत्तीत त्या लढायांत लपायला, हॅक करायला वाव ठेवून चूक सुधारली. 2016 च्या 'फायनल फँटसी 15'मध्ये चार मित्र, गाडी आणि मोकळा रस्ता यांच्यावर उभ्या असलेल्या गेमने तेराव्या प्रकरणात मित्रही काढले, गाडीही काढली, शस्त्रंही काढली आणि खेळणाऱ्याला एका अंगठीच्या जोरावर अंधाऱ्या बोळांत सोडलं. कथेच्या दृष्टीने एकटेपणा बरोबर होता. पण ती अंगठी चालवायला कंटाळवाणी होती आणि बोळ संपता संपत नव्हते. पुढच्या वर्षी कंपनीने अंगठीची ताकद वाढवली आणि मित्राच्या बाजूने जाणारा दुसरा मार्गही दिला.

आणखी एक जात आहे, तिचा मला मनापासून राग आहे: शेवटच्या शत्रूशी 'आता हे बटण दाबा' अशी सूचना पाळत लढायचं. 2014 च्या 'शॅडो ऑफ मॉर्डोर'मध्ये तुम्ही ओर्क नावाच्या राक्षसी सैनिकांच्या सरदारांचं आख्खं राजकारण उलटंपालटं करता, लढाईत तरबेज होता, आणि शेवटी त्यांचा स्वामी सॉरॉन याच्यासमोर पडद्यावर दिसेल ते बटण दाबता. एवढ्या कमावलेल्या कौशल्याची शेवटी गरजच नाही हे सांगायचा याहून उर्मट मार्ग नसेल.

अर्थात उर्मटपणा मुद्दामही करता येतो. 2003 चा 'ड्रॅकेनगार्ड' हा तलवारबाजीचा आणि ड्रॅगनवरून उडण्याचा गेम. त्याला पाच शेवट आहेत. पाचवा बघायला गेममधली सगळी 65 शस्त्रं गोळा करावी लागतात. एवढी हमाली केल्यावर काय मिळतं? नायक आणि ड्रॅगन एका महाकाय शत्रूमागे थेट आधुनिक टोकियोच्या आकाशात पोचतात आणि तिथे अचानक तालाचा खेळ सुरू होतो. शत्रूकडून काळी-पांढरी वलयं येतात, त्याच रंगाचं वलय त्याच क्षणी सोडायचं. एक चुकलं की पुन्हा सुरुवातीपासून. गेमभरात अशी गोष्ट एकदाही आलेली नाही. आणि जिंकल्यावर? लढाऊ विमानांचं क्षेपणास्त्र येतं आणि ड्रॅगन पडतो. खेळ तिथेच संपतो.

माझ्या कसोटीवर हे सपशेल नापास आहे. पण दिग्दर्शक योको तारोंना खेळणाऱ्याच्या पायाखालची जमीनच काढायची होती, आणि ज्याने 65 शस्त्रं जमवली तो तसाही हट्टी माणूस. त्याच विचित्र शेवटातून पुढे 2010 चा 'नियर' निघाला. मला जास्त शिकवतो तो मात्र त्यांचाच 2017 चा 'नियर: ऑटोमाटा'. तिथेही शेवटी खेळ बदलतो: श्रेयनामावली वर सरकू लागते आणि तुम्हाला त्या नावांवरच गोळ्या झाडायच्या असतात. गोळ्यांचा पाऊस इतका दाट की एकट्याने निभावणं जवळजवळ अशक्य. मरत राहता, गेम विचारत राहतो की सोडून देता का, आणि मग जगभरातल्या इतर खेळाडूंकडून मदत आल्याचं सांगतो. तुमच्या छोट्या यानाभोवती त्यांची यानं कडं करतात. जिंकल्यावर विचारतो, अनोळखी माणसाला अशीच मदत करण्यासाठी तुमचा सगळा सेव्ह, म्हणजे आतापर्यंतच्या खेळाची साठवलेली नोंद, पुसून देता का? आता यात नवीन काय आहे? गोळ्या चुकवत गोळ्या झाडणं नवीन नाही. गेमच्या पहिल्या काही मिनिटांत तुम्ही विमानातून तेच करता, पुढे हॅकिंगमध्ये त्याच प्रकारचं छोटं यान शेकडो वेळा फिरवता. नवीन आहे ती फक्त मदत. बोटांना काही शिकावं लागत नाही, म्हणून मन मोकळं राहतं आणि तो प्रश्न लागतो.

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत काटेकोर काम 2013 च्या 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स'चं. दिग्दर्शक जोसेफ फारेस मूळचे सिनेमातले, आणि तरी त्यांनी जे केलं ते सिनेमात करताच येणार नाही. दोन भाऊ, आजारी बापासाठी औषध आणायला निघालेले. कंट्रोलरचा डावा भाग थोरल्याचा, उजवा धाकट्याचा. एकाच माणसाने दोघांना एकदम चालवायचं. सुरुवातीला दोन्ही हातांचा गोंधळ होतो, मग सवय होते. आई बुडाली तेव्हापासून धाकटा पाण्याला घाबरतो, म्हणून पाणी आलं की तो थोरल्याच्या पाठीला धरतो आणि पोहायचं काम डाव्या हाताचं. शेवटाकडे थोरला मरतो. डावा हात मोकळा पडतो, आणि तो मोकळेपणा खरोखर हाताला जाणवतो. मग धाकटा एकटा औषध घेऊन परतताना वाटेत पाणी येतं. उजवं बटण दाबून काही होत नाही, तो काठावरच थबकतो. मग कधीतरी आपण थोरल्याचं, डाव्या बाजूचं बटण दाबतो. आणि धाकटा पोहायला लागतो.

एकही शब्द नाही, सूचना नाही, नवं बटण नाही. जुन्या बटणाचा अर्थ तेवढा बदलला. 2010 च्या 'रेड डेड रिडेम्प्शन'चा शेवटही याच जातीचा: गोळीबार संपवून घरी आलेला जॉन मार्स्टन गुरं हाकतो, धान्यावरचे कावळे उडवतो, पोराला शिकवतो, आणि मग कोठाराचं दार उघडतो तेव्हा वेळ मंदावणारा तोच जुना 'डेड आय' सुरू होतो. फक्त समोर माणसं इतकी असतात की सगळी टिपणं शक्यच नसतं. 'शॅडो ऑफ द कोलोसस'मध्ये गेमभर राक्षसांच्या केसांना धरून ठेवणारं बटण शेवटी ओढून नेणाऱ्या वाऱ्यात पायऱ्यांना धरायला वापरता. किती वेळ धराल ते तुमच्यावर.

आता तुमच्या वाड्याकडे येऊ. होडी आणि गोळीबार जसा लिहिलाय तसा नको. तुमच्या खेळणाऱ्याने पाच लेव्हल भरून तीन गोष्टी कमावल्यात: पहारेकऱ्याची नजर कुठवर जाते याचा अंदाज, दिवा विझवायची नेमकी वेळ, आणि थांबायचा धीर. गोळ्या झाडताना यातलं काहीच कामी येणार नाही.

पाठलाग हवाच असेल तर तो ठेवा, पण बंदूक काढा. होडीत एक कंदील द्या आणि दिवा विझवायचं तेच बटण तिथे कंदील झाकायला वापरा. झाकला तर काठावरचे पहारेकरी बघत नाहीत पण पुढचे खडक दिसत नाहीत, उघडला तर उलट. नजरेचा अंदाज, वेळ, धीर, तिन्ही लागतील, आणि थांबून खेळणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच प्रवाह थांबू देणार नाही, हा बदल पुरेसा मोठा आहे. होडी मात्र आधी एकदा दिसू द्या. दुसऱ्या लेव्हलमध्ये वाड्याच्या मागे तळं आहे असं तुम्ही लिहिलंय, तिथे विनाधोका, घड्याळाशिवाय, अर्धा मिनिट वल्हवायला लावा. तेवढंच पुरे, वर सूचनेची पाटी नको.

मग ज्यांनी गेम कधीच पाहिला नाही अशांना पहिल्यापासून खेळायला बसवा, थेट सहाव्या लेव्हलवर नको. थेट बसवलेला माणूस तुम्हाला खोटं उत्तर देईल, कारण त्याच्या बोटांत मागच्या पाच लेव्हल नसतील. वेळेची मर्यादा त्यांच्यातल्या सगळ्यात संथ माणसाला पुरेल अशी धरा, आणि होडीच्या वाटेवर निदान दोन चेकपॉइंट, म्हणजे हरल्यावर जिथून पुन्हा सुरू करता येईल अशा जागा, टाका. शेवटचा मात्र खडकांच्या अगदी तोंडाशी नको, थोडा आधी ठेवा, म्हणजे परत आल्यावर कंदील झाकायचा की उघडायचा हे ठरवायला चार क्षण मिळतील.